लोटनभाऊंचा खरा हात

लोटनभाऊ जरा बेताचे नट असते तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. आमच्या धुळ्यात बेताच्या नटांची काही कमी नाही. व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येक पोराला एक मामा असतो, तो मामा व्हिडिओत सासरा होतो, आणि बोलताना हात कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. लोक हसतात आणि बोटाने पुढचा व्हिडिओ लावतात. लोटनभाऊ दिसले की लोकांचं बोट थांबायचं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

मी कामिनी. देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, ब्लाउज शिवायचे आणि अहिराणी व्हिडिओंमध्ये कामं करायचे. आधी बायको व्हायचे, मग सासू झाले, आणि शेवटची तीन वर्षं मी केसराक्का होते. केसराक्का म्हणजे आंबेसोंड गावची डाकीण. आंबेसोंड नावाचं गाव नाही आणि केसराक्काही नाही. दोन्ही आमच्या ज्ञानेश्वरने चहा पिता पिता काढलेली नावं. ज्ञानेश्वर लग्नांचे व्हिडिओ काढतो, आणि लग्नसराई संपली की आमच्या मालिकेचा दिग्दर्शक होतो.

लोटनभाऊ शिंदखेड्याचे. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. भाऊंना नटण्याचं वेड लागलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सोंगांत. एका वर्षी त्यांनी अस्वलाचं सोंग घेतलं, तर गल्लीतली कुत्री पार गावाबाहेरपर्यंत मागे लागली. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे आणि दर वेळी कुत्री वाढायची. पुढे लोकनाट्याच्या फडात गेले. हवालदार, चोर, राजाचा तिसरा प्रधान, जे मिळेल ते केलं. फड मोडला तेव्हा मालकाने तंबू विकला आणि भाऊ मंडपवाल्याकडे कामाला लागले. पण कुठे शूटिंग आहे असं कानावर आलं की पिशवीत दाढीचं सामान, एक धोतर, एक पॅन्ट टाकून पहिल्या एसटीने हजर. बोदवडला एका लघुपटात प्रेताचं काम होतं, त्यासाठीही गेले होते. मी चेष्टा केली तर गंभीरपणे म्हणाले, "मरेल मानूस व्हवाले बी श्वास सांभाळना पडस, कामिनी."

मुंबईलाही दोनदा जाऊन आले. एका मालिकेत पाण्याचा ग्लास आणून ठेवायचं काम मिळालं. दुसरीकडे तोंड उघडल्याबरोबर तिथली मुलगी म्हणाली, काका, तुमची बोली फार येते. भाऊ गुपचूप परत आले. त्यांची इच्छा एकच होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मोठ्या सिनेमात एक भूमिका, तिला नाव असावं, आणि तो सिनेमा धुळ्याच्या थेटरात लागावा. बायकोला, सुगंधाबाईंना शेजारी बसवून तो बघायचा. नट म्हणून एवढंच हवं होतं त्या माणसाला.

मग ज्ञानेश्वरने भगताची मालिका काढली. भाऊ धुंदल्या भगत आणि मी केसराक्का. दर भागात गावात काहीतरी चोरीला जायचं किंवा कोणी आजारी पडायचं. भगत सुपात दाणे टाकायचा आणि केसराक्काकडे बोट दाखवायचा. शेवटी खरा चोर सापडायचा, भगताची फजिती व्हायची आणि केसराक्का साधी म्हातारी ठरायची. आमच्या मते आम्ही लोकांना शहाणं करत होतो. पण शेवट बघतो कोण? लोकांनी दाणे टाकण्याचे आणि माझ्या डोळ्यांचे तुकडे तेवढे कापून घेतले आणि फोनवरून फोनवर पाठवले. तेच शहाद्यापासून रावेरपर्यंत फिरले.

तो तुकडा एवढा चालला कारण भाऊंचा हात खरा होता. दुसरा कोणी असता तर दाणे कसेही भिरकावून मोकळा झाला असता. भाऊ भूमिका मिळाल्याबरोबर सातपुड्याच्या पायथ्याशी उखर्डूबाबाकडे जाऊन राहिले. हा बाबा जन्मभर दाणे बघत आलेला, आता नजर गेलेला. भाऊ त्याच्याकडून मूठ कशी धरायची, दाणे सुपात कसे सोडायचे, पुटपुटताना ओठ किती हलवायचे, सगळं शिकले. निघताना म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून ठेवला. "हाई लोकेसमोर करू नको," तो म्हणाला. "लोके इचारतीन. मंग तुले सांगनं पडी." भाऊंनी परत येऊन मला म्हाताऱ्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मालिकेसाठी भाऊंनी केस वाढवले. ते वाढलेले केस घेऊनच बाजारात, लग्नात, एसटीत जाणं आलं. शिंदखेड्याच्या स्टॅंडवर एक बाई त्यांच्या पाया पडली आणि तापलेलं लेकरू पुढे करून म्हणाली, डोक्यावर हात ठेवा. भाऊंनी ठेवला. नट माणूस, सुखावला. मला मात्र भाजीबाजारात वेगळाच अनुभव आला. मी मेथीची जुडी उचलली तर शेजारच्या बाईने आपली मुलगी पदराखाली ओढून घेतली. मी तेही हसण्यावारी नेलं. घरी येऊन आरशात बघितलं आणि स्वतःला म्हटलं, कामिनीबाई, काय काम केलंय तुम्ही! तेव्हा खरंच आनंद झाला होता मला.

शिरपूरच्या पुढे डोंगराच्या कडेला आमचं शूटिंग चालू होतं. दुपारची जेवणं होत होती आणि भाऊ भगताच्याच वेषात झाडाखाली भाकरी खात होते. एक पिकअप धुरळा उडवत आली. मागच्या हौद्यात गोपाल नावाचा एक जवान पोरगा आडवा पडला होता. त्याला साप चावला होता, पापण्या मिटत चालल्या होत्या. त्याच्या बापाने गाडीतून उतरून सरळ भाऊंचे पाय धरले.

"भाऊ, पोऱ्याले पान लागनं. उतारा द्या."

भाऊ म्हणाले, मी भगत नाही, कलाकार आहे. ज्ञानेश्वरने कॅमेरा दाखवला. मी दवाखान्यात न्या म्हणून ओरडले. तर त्या बापाने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. कोणी जागचं हलेना. पोरगा हातातून चालला होता आणि ती माणसं उताऱ्याची वाट बघत उभी होती.

भाऊंनी भाकरी खाली ठेवली. हात धुतले. ज्ञानेश्वरच्या सामानातून सूप मागवलं, मूठ धरली आणि दाणे सोडले. मग त्यांचा जो आवाज निघाला तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. "देवी म्हनी राहिनी, गाडी फिरावा! शिरपूरले सरकारी दवाखानामा सुई शे. त्या सुईमा मी बठेल शे!" गाडी फिरली. दवाखान्यात इंजेक्शनं मिळाली आणि गोपाल वाचला. त्या दिवशी मी भाऊंना म्हटलं, आजवर केलेल्या सगळ्या कामांत हे काम मोठं. आजही माझं तेच मत आहे, पुढे काय झालं ते बघूनसुद्धा.

कारण गोपाल दवाखान्यात वाचला असं कोणी म्हटलंच नाही. भगताने सांगितलं म्हणून वाचला. ज्या डॉक्टरने रात्रभर उशाशी बसून त्याला जगवलं, त्याचं नाव त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. भाऊंच्या दारात माणसं यायला लागली. शहरातली, शिकलेली, चारचाकीतली. एक तर चक्क शाळेचे मुख्याध्यापक होते. सुगंधाबाई दार लावून आत बसायच्या, तर माणसं ओट्यावर वाट बघायची. भाऊ प्रत्येकाला डॉक्टरकडे धाडायचे, आणि प्रत्येक जण डॉक्टरकडून बरा होऊन त्यांच्यासाठी नारळ घेऊन यायचा.

अशात त्यांना सिनेमा मिळाला. खरा, मोठा. नायकाच्या बापाची भूमिका, भूमिकेला नाव, नावाला चार प्रवेश. बोली हीच हवी होती. अट एकच, केस कापायचे आणि दाढी करायची. भाऊ फोनवर मला हे सांगताना रडले. मीही रडले. म्हटलं, आता सुटलात त्या भगताच्या तावडीतून.

केस कापायच्या आदल्या दिवशी रुपचंद नावाच्या एका बड्या शेतकऱ्याचा निरोप आला. गाव पायथ्याकडचं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे भली माणसंही राहतात. सत्कार करायचा होता, शाल आणि श्रीफळ. आमच्याकडचा कलाकार सत्कार म्हटलं की उपाशी पोटीसुद्धा जातो. निरोप आणणाऱ्याने जाता जाता एक सांगितलं, केसराक्काला आणू नका. मला गंमत वाटली. ज्ञानेश्वरचं लग्नाचं शूटिंग होतं, म्हणून भाऊ एकटेच गेले.

शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. मग रुपचंदने समोर सूप ठेवलं. त्याच्या सुनेचे, पुनमचे दिवस भरत आले होते. आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली, आणि आता तिच्या अंगावर सूज चढली होती. कोणीतरी नजर धरून बसलंय, नाव सांगा, असं रुपचंद हात जोडून म्हणाला. मंडपाच्या कडेला एक म्हातारी बसवलेली होती, तानुबाई. विधवा, एकटी, आणि तिचं वावर रुपचंदच्या विहिरीला लागून. तिच्या आजूबाजूला एवढी जागा मोकळी सोडली होती की तिथे अजून चार माणसं बसली असती.

"मी कलाकार शे," भाऊ म्हणाले. "हाई बठ्ठं नाटक शे."

"गोपालना टाईमले बी तुमी हाईच बोलनात," रुपचंद म्हणाला. "मोठा मानूस असंच बोलस."

भाऊ उठायला लागले तर मागे माणसं दाटलेली. सगळ्यांचे डोळे भाऊंवरून तानुबाईवर जात होते आणि परत येत होते. नाव घेतलं नाही तरी त्यांनी ते समजून घेतलंच असतं. भाऊ नंतर मला म्हणाले की त्या म्हातारीने एकदाही तोंड वर केलं नाही, नुसती जमिनीवरची एक काडी मोडत बसली होती. ती काडी बघून त्यांनी मूठ उचलली.

दाणे सुपात सोडून ते म्हणाले की ती या गावातली नाही. नदीच्या पल्याड, लांबची आहे. रुपचंदने नाव विचारलं. भाऊंच्या तोंडी तीन वर्षं बसलेलं वाक्य होतं, तेच बाहेर पडलं.

"आंबेसोंडनी केसराक्का."

जे गाव नाही तिथली, जी बाई नाही ती. तिला कोण काय करणार? मंडपातल्या लोकांनी मोठा श्वास सोडला. तानुबाई उठून घरी गेली. भाऊ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते केस कापून, दाढी करून, कोवळ्या पोरासारखे दिसत. सगळी हकिगत त्यांनी साभिनय सांगितली, मी मशीन थांबवून ऐकली. "तानुबाई वाचनी, कामिनी!" म्हणाले आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिलीसुद्धा. मग माझी नजर समोरच्या आरशावर गेली.

"भाऊ," मी म्हटलं, "केसराक्काला तोंड आहे. ते माझं आहे."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अभिनय नव्हता त्यात.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कायदा काय आहे ते सांगितलं, आणि विचारलं, तुम्हाला धमकी कोणी दिली? कोणीच दिली नव्हती. मग आम्ही ज्ञानेश्वरला बोलावून एक व्हिडिओ केला. भाऊ साध्या शर्टात, मी माझ्या मशीनपाशी. हे नाटक होतं, ही कामिनी आहे, ब्लाउज शिवते, असं भाऊंनी हात जोडून सांगितलं. खाली लोकांनी लिहिलं, "डाकीननी भाऊले बांधी टाकं." दुसऱ्याने लिहिलं, भाऊचे केस बघा, तिने उतरवून घेतले. ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्या फोटोत मागे इंजिनिअरिंग कॉलेजचा फळा होता.

भाऊ शूटिंगला निघून गेले. मीच त्यांना जा म्हटलं. माझ्याकडे ब्लाउज यायचे कमी झाले. आलेले ब्लाउज घेऊन जाताना बायका कापड झटकायच्या. शेजारच्या रोशनीची आई रोज माझ्या ओट्यावर बसायची, ती दिसेनाशी झाली. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. उलट लोक माझ्याशी फार आदराने बोलायला लागले. एवढा आदर मला जन्मात कोणी दिला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

एका सकाळी दारात जीप थांबली. रुपचंद उतरला, त्याची बायको उतरली. त्यांच्या हातात साडी होती, खण होता, नारळ होता. दोघंही माझ्या उंबऱ्यासमोर रस्त्यावर बसली.

"अक्का, चुकनं व्हई तं माफ करा," बायको म्हणाली. "पोरले सोडी द्या."

मी म्हटलं, बाई, मी कामिनी. हे बघा मशीन, हे बघा दोरे. ती मान हलवत राहिली. "हो अक्का. तुमी असंच बोलशात, आमले मालूम शे."

मी जीपकडे गेले. मागच्या सीटवर पुनम होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, पाय फुगून पैंजण रुतलेले. मला म्हणाली, डोळ्यासमोर काजवे चमकतात, डोकं फुटतंय. मी काही डॉक्टर नाही, पण माझी बहीण अशीच गेली. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या! रुपचंद जागचा उठला नाही. तुम्ही सोडलं की नेतो, म्हणाला. आधी दोनदा नेली होती, काय उपयोग झाला?

सगळी गल्ली दारांत उभी होती. रोशनीची आई उभी होती, घरमालकीण वरच्या गॅलरीत होती. वीस वर्षांची ओळख. त्यांच्यापैकी एकीने जरी म्हटलं असतं, अहो ही आमची कामिनी, तरी कदाचित त्या दोघांनी ऐकलं असतं. मी एकेकीकडे बघितलं. कोणी बोललं नाही. आणि जीपमध्ये ती पोरगी ओकायला लागली.

मी अंबाडा सोडला. पदर कमरेला खोचला. माझा केसराक्काचा आवाज पोटातून काढावा लागतो, नेहमी दोन-तीनदा खाकरावं लागतं. त्या दिवशी पहिल्यांदाच आला.

"सोडी दिधी मी तिले! आते दवाखानामा लई जा. वाटमा कोठे थांबनात तं पुन्हा धरसू!"

रुपचंद धडपडत उठला आणि जीप सुसाट गेली. साडी, खण आणि नारळ रस्त्यातच राहिले. मी केस बांधत वळले तोवर गल्लीतली दारं लागत होती, आणि रोशनीची आई आतून कडी घालताना मला ऐकू आली.

पुनम वाचली. पोट फाडून बाळ काढलं, तेही वाचलं. झालं, शिक्कामोर्तब झालं. धरणारीनेच सोडलं म्हणून वाचली. घरमालकीण वरून खाली उतरली, हात जोडून रडली आणि म्हणाली, बाई, घरात नातवंडं आहेत. मी आता दीपनगरला भाचीकडे असते. इथे मला अजून कोणी ओळखलेलं नाही. बाहेर जाताना चेहरा बांधून जाते.

मागच्या आठवड्यात लोटनभाऊ मला शोधत आले. सिनेमा लागला होता, धुळ्याच्या थेटरात. सुगंधाबाईंना घेऊन गेले होते. चारपैकी तीन प्रवेश कापलेले, उरलेल्या एकात फक्त पाठ. नाव कुठेच नाही. हे सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. मी दोनदा आत या म्हटलं. माझ्या मनात आलं, बिचारे, शरमेने आत येत नाहीत. मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तानुबाईला वाचवलंत, माझा राग नाही तुमच्यावर.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते.

"कामिनी," ते म्हणाले, "मी तुनं नाव लिधं म्हनीसन... तू मना सिनेमाले काई करं नही ना?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, वाकून उंबऱ्यापाशी एक नारळ ठेवला आणि पाठ न वळवता मागे मागे जात जिना उतरले.